मागच्या दाराचे न्यायाधीश

एलिहू पार्ट्रिज साहेबांचं नाव आमच्या स्टोनब्रुकमध्ये आता कोणी काढत नाही. निघालंच तर "तो राजाचा माणूस" एवढं म्हणून लोक हवापाण्याकडे वळतात. मी त्यांच्या कोर्टात एकोणीस वर्षं पुकारा करत होतो. साहेब आत आले की सगळ्यांना उभं करायचं, खटल्यातल्या माणसांची नावं मोठ्याने घ्यायची आणि कोर्ट उठलं की दाराला कुलूप घालायचं, हे माझं काम. त्यांना इतक्या जवळून पाहिलेला दुसरा माणूस आता गावात उरलेला नाही. म्हणून मीच सांगतो. सांगून माझी अब्रू काही वाढणार नाही, हे आधीच कबूल करतो.

साहेब मोठ्या घराण्यातले नव्हते. वडील कातडी कमावायचे आणि त्या धंद्याचा वास आपल्या कोटाला अजून येतो, असं साहेब स्वतःच म्हणायचे. जिल्ह्याचं कोर्ट वर्षातून चार वेळा भरायचं. एरवी ते सफरचंदाची बाग आणि मेंढ्या सांभाळायचे. अंगाने उंच, खांद्यात जरा वाकलेले, विचार करताना नाक चोळायची सवय. एकदा दोन शेजारी एका डुकरावरून भांडत आले. दोघांचे वकील तासभर बोलले. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "संध्याकाळी दावं सोडलं तर ते कोणाच्या घरी जातं?" डुक्कर सोडलं, ते सरळ आपल्या घरी गेलं आणि खटला संपला. हरलेल्या माणसालासुद्धा हसू आवरेना.

न्यायाधीश झाले तेव्हा त्यांनी बायबलवर हात ठेवून राजाशी इमान राखायची शपथ घेतली होती. समुद्रापलीकडे लंडनला बसलेल्या त्या राजाला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं आणि त्याच्याविषयी फारसं प्रेमाने बोलताना मी तरी ऐकलं नाही. चहावरचा कर त्यांनाही पटत नव्हता. पण शपथ ती शपथ, असं त्यांचं होतं.

मग १७७४ साली लंडनहून नवा कायदा आला. न्यायाधीशांना राजाचा गव्हर्नरच नेमणार आणि गावाने सभा भरवायची तीही त्याला विचारून. सगळा मुलूख पेटला. सप्टेंबरात कोर्ट भरायचं होतं त्या सकाळी आजूबाजूच्या गावांतून दोन हजार माणसं स्टोनब्रुकमध्ये येऊन उभी राहिली. त्यांचा पुढारी फिनिअस हॉइट. चौकातला गुत्ता त्याचाच. त्याने माझ्याकडे कोर्टाची चावी मागितली आणि मी दिली. मला कोणी धमकावलं नव्हतं, हातसुद्धा लावला नव्हता. त्याने तळहात पुढे केला आणि मी त्यावर चावी ठेवली, एवढंच.

गुत्त्यापासून कोर्टापर्यंत लोकांनी दोन रांगा केल्या. साहेबांनी मधून चालत जायचं आणि आपण या कायद्याखाली न्यायाधीशाचं काम करणार नाही, झाल्या गोष्टीची माफी मागतो, असं लिहिलेला कागद वाचून दाखवायचा. साहेब निघाले तेवढ्यात गिडियन बार्लो लोहार ओरडला, "हॅट काढा त्यांची!" साहेबांनी ती स्वतःच काढली. लांबच्यांना ऐकू येत नव्हतं म्हणून दर वीस पावलांवर कागद पुन्हा वाचायला लावला. कोर्टापाशी पोचेपर्यंत त्यांचा घसा बसला होता. शेवटी नुसते ओठ हलत होते आणि लोक म्हणत होते, "मोठ्याने, मोठ्याने." मी कोर्टाच्या पायरीवर उभा होतो. इतकी वर्षं माझा आवाज त्यांच्यासाठी चढत होता, त्या दिवशी मी जमिनीकडे पाहत राहिलो.

पुढल्या वसंतात गोळीबार झाला आणि लढाई जुंपली. बोस्टन शहरात राजाचं सैन्य, बाहेरून आमच्या लोकांचा वेढा. त्या गडबडीच्या चार दिवस आधी गिडियनचा थोरला, रूबेन, लाकडाच्या राखेतून काढलेल्या पोटॅशची पिंपं बैलगाडीत घालून बोस्टनला विकायला गेला होता. वेशी बंद झाल्या. हळूहळू बाकीचे गाडीवान सुटून आले, रूबेनला मात्र तुरुंगात टाकलं. का, ते कोणालाच कळलं नाही. ऑगस्टमध्ये तुरुंगातल्या तापाने तो गेल्याचा निरोप आला. तेवीस वर्षांचा होता. मागे बायको लिडिया आणि तीन महिन्यांचं लेकरू.

इकडे गावात राजाविरुद्धच्या पुढाऱ्यांनी समिती केली होती आणि हॉइटच्या त्या समितीचं राज्य सुरू झालं होतं. साहेबांशी कोणी व्यवहार करायचा नाही, असा ठराव झाला. गिरणीवाला त्यांचा मका दळेना, गिडियन त्यांच्या घोडीला नाल मारेना. त्यांच्या पत्नी मर्सीबाई घरच्या उखळात मका कुटून लापशी करायच्या. चर्चमध्ये त्यांच्या बाकावर दुसरं कोणी बसत नसे. मर्सीबाई हसून म्हणायच्या, "बरं झालं, पाय पसरायला जागा झाली." साहेब मात्र हसत नसत. त्या सप्टेंबरपासून ते चौकात येईनासे झाले होते. मर्सीबाईंनी मला सांगितलं, ते झोपेत तो कागद वाचतात.

पण कोर्ट बंद झालं म्हणून भांडणं थोडीच बंद होतात? कुणाची गाय कुणाच्या शेतात, कुणाच्या मृत्युपत्रावर सहीच नाही, कुणी ओढ्याचं पाणी वळवलेलं. समितीला लढाईतून सवड नव्हती आणि समितीतल्या कोणाला कायदा येत नव्हता. प्रकरणं हातघाईवर यायला लागली, तेव्हा मीच एका जोडीला साहेबांच्या मागच्या दाराने स्वयंपाकघरात नेलं. दूध काढायच्या वेळेला नेलं, कारण त्या वेळी सगळं गाव गोठ्यात असतं. साहेब चुलीपाशी बसले होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मग त्या दोघांना म्हणाले, "बसा. आधी ज्याला जास्त राग आलाय त्याने बोलायचं."

तेव्हापासून पुढची दोन वर्षं लोक बागेतून, कुंपणावरून येत राहिले. साहेब ऐकायचे, निकाल सांगायचे आणि कागद करायचे नाहीत. माझ्या सहीचा कागद घरात सापडला तर तुमच्याच गळ्याशी येईल, म्हणायचे. दक्षिणा म्हणून कोणी अंडी ठेवली तर मर्सीबाई परत द्यायच्या. ज्यांनी रांगेत उभं राहून "मोठ्याने" म्हटलं होतं तेच लोक आता हळू आवाजात बोलत आत यायचे. एकदा तर फिनिअस हॉइट स्वतः आला. मेलेल्या भावाच्या वाटणीचा गुंता होता. दारात अडखळला आणि मला म्हणाला, "ओबेड, मी आलो नव्हतो, बरं का." साहेबांनी त्याचाही गुंता सोडवला, आणि तोही न्यायाने, त्याच्या वहिनीच्या बाजूने.

एका संध्याकाळी गिडियनही आला, सोबत सून लिडिया. रूबेनच्या नावावर ओढ्याकाठचं सहा एकर कुरण होतं. लिडियाला लेकराला घेऊन माहेरी जायचं होतं आणि कुरण विकायचं होतं. गिडियनला कुरणही सोडवत नव्हतं आणि नातूही. दोघं रडत भांडत होती. साहेबांचा चेहरा मातीसारखा झाला होता. ते उठून पाणी प्यायले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. मला वाटलं, बरं नसावं. शेवटी म्हणाले, मूल आईपाशी राहील, कुरण विकायचं नाही, ते आजोबाने सांभाळायचं आणि नातू वयात आला की त्याच्या हवाली करायचं. तोवर दर वर्षीचं गवत लिडियाचं. दोघांना पटलं. जाताना गिडियनने हात पुढे केला. साहेबांनी तो हातात घेतला खरा, पण मान वर केली नाही. लोहाराला तो अपमान वाटला. वाटेत मला म्हणाला, "अजून मनात धरून बसलाय म्हातारा."

१७७७ मध्ये, राजाला झुगारून उभ्या राहिलेल्या आमच्या नव्या सरकारचा हुकूम निघाला की राजाच्या बाजूच्या माणसांची यादी करून प्रत्येक गावाने त्यांचा निकाल लावावा. चर्चमध्ये सभा भरली. साहेबांना समोर उभं केलं. हॉइटने नव्या सरकारशी इमान राखायच्या शपथेचा कागद पुढे केला आणि खरं सांगायचं तर बऱ्या शब्दांत म्हणाला, "साहेब, सही करा आणि घरी जा. कोणाला तुमच्याशी वैर नाही."

साहेब म्हणाले, "हॉइट, एकदा भीतीने मी एक कागद वाचला. तुम्हीच वाचून घेतला. त्याची लाज अजून उतरलेली नाही. आता यावरही भीतीनेच सही केली तर तुम्हाला तिचा काय उपयोग, आणि मला तरी काय?"

हॉइटने कागद खाली ठेवला. नियम होता म्हणून त्याने सभेला विचारलं, यांच्या बाजूने कोणाला काही बोलायचं आहे का?

त्या बाकांवर निदान वीस माणसं अशी होती, जी त्या स्वयंपाकघरात बसून गेली होती. गिडियन होता. विचारणारा हॉइट स्वतः होता. साहेबांनी नुसतं म्हटलं असतं की तुमची भांडणं दोन वर्षं कोण मिटवतंय ते विचारा, तरी सभेचा रंग पालटला असता. ते बोलले नाहीत. मी तिसऱ्या बाकावर बसलो होतो. कोर्ट पुन्हा उघडेल तेव्हा पुकाऱ्याचं काम तुलाच, असं आदल्याच आठवड्यात हॉइटने मला सांगितलं होतं. मी मनात वाक्य जुळवत होतो. आधी असं म्हणावं, मग तसं म्हणावं. कोणीतरी खोकलं. हॉइट म्हणाला, "कोणी नाही तर यांच्या हद्दपारीवर मत घेऊ." हात वर झाले. माझाही झाला. वर करताना तो जड लागला असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. तो इतरांबरोबर सहज वर गेला.

पुढच्या वर्षी हद्दपारी झाली. मर्सीबाई आणि साहेब एका गाडीत बसून बोस्टनला आणि तिथून जहाजाने, अजून राजाच्याच ताब्यात असलेल्या हॅलिफॅक्सला गेले. निघाले त्या दिवशी मी कोर्टात फरशी पुसत होतो. फरशी आधीच स्वच्छ होती. घर आणि बाग लिलावात गेली. कोर्ट उघडलं आणि मला माझं काम मिळालं.

नऊ वर्षं गेली. लढाई संपून शांतता झाली. लिडियाने दुसरं लग्न केलं होतं आणि तिच्या नव्या नवऱ्याने ओढ्याकाठच्या कुरणावर दावा लावला. असा काही निवाडा झालाच नव्हता, कागद दाखवा, असं त्याचं म्हणणं. लिडिया गप्प राहिली. कागद तर नव्हताच. गिडियन माझ्या घरी आला आणि दारातच म्हणाला, "ओबेड, तूच मला त्या दाराने नेलंस. आता तूच जा आणि म्हाताऱ्याकडून लिहून आण."

मी मासे नेणाऱ्या गलबतातून गेलो. हॅलिफॅक्सच्याही पुढे, खडकाळ किनाऱ्यावर, आमच्याच मुलखातून घालवलेल्या लोकांची वस्ती होती. साहेबांचं घर म्हणजे दोन खोल्या, भिंतींच्या फटींत शेवाळ कोंबलेलं. ते बटाटे खणत होते. मला ओळखलं, फावडं टेकवलं आणि म्हणाले, "अरे ओबेड. इथे कोर्ट नाही, तू आरडाओरडा कशाला करणार?" मर्सीबाईंनी खारवलेला मासा आणि बटाटे वाढले. बाई फार थकल्या होत्या. त्यांनी गावातल्या प्रत्येकाची चौकशी केली, हॉइटचीही.

कुरणाचं ऐकल्यावर साहेबांनी लगेच सगळं लिहून काढलं. तारीख, कोण काय म्हणालं, निवाडा काय. अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट, एक शब्द चुकला नाही. सही केली. मग मी जे बोलायला दहा वर्षं लावली होती ते बोलायला लागलो. "साहेब, त्या सभेत मी..."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "मी तुझ्याकडे बघितलंच नव्हतं. बघितलं असतं तर तुला बोलावं लागलं असतं, आणि तुझं काम गेलं असतं."

मला वाटलं होतं ते रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. मी तोंडावर हात धरून बसलो. ते म्हणाले, "एवढं वाईट वाटून घेऊ नकोस. मी गप्प बसलो तो काही चांगुलपणा नव्हता. ऐकून घे."

मग त्यांनी सांगितलं. त्या सप्टेंबरात हॅट हातात धरून घरी आल्यावर त्यांच्या अंगाची आग होत होती. त्याच आठवड्यात त्यांनी बोस्टनला राजाच्या सेनापतीला पत्र लिहिलं आणि रांगेतल्या पुढाऱ्यांची सात नावं दिली. सातवं नाव बार्लो. गिडियन म्हणून लिहिलं नव्हतं, नुसतं बार्लो, स्टोनब्रुकचा.

"रूबेनला त्याच नावावरून अडकवलं का, ते मला माहीत नाही," ते म्हणाले. "कदाचित ते पत्र कोणी उघडलंही नसेल. मी दोनदा लिहून विचारलं, उत्तर आलं नाही. पण बाकीचे गाडीवान सुटले आणि तो सुटला नाही. आणि त्याचा बाप माझ्या चुलीपाशी बसून मला न्याय मागत होता. मी न्यायाधीश होतो, ओबेड. समोरच्याचं न ऐकता कोणाला शिक्षा करायची नाही, ही पहिली गोष्ट. ती मी रागात विसरलो. राजासाठी केलं असं वर्षभर स्वतःला सांगत होतो. राजासाठी नव्हतं ते."

मर्सीबाई पाठमोऱ्या भांडी घासत होत्या. त्यांना हे माहीत असावं. हात थांबले नव्हते.

साहेबांनी दुसरा कागद घेतला आणि हे सगळं गिडियनच्या नावे लिहिलं. दोन्ही कागद माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "पहिला त्याच्या कामाचा आहे. दुसरा वाचला तर तो पहिला फाडून टाकेल आणि कुरण जाईल. खटला संपेपर्यंत दुसरा ठेवून द्यायचा असेल तर ठेव. पण दे नक्की."

परतीच्या वाटेवर मी खूप विचार केला. दुसरा कागद समुद्रात टाकावा असंही मनात आलं. पण आयुष्यात एकदा तरी काहीतरी वेळेवर करावं असं वाटलं. मी गिडियनच्या भट्टीवर गेलो आणि दोन्ही कागद एकदमच दिले. त्याला वाचता येत नव्हतं. "वाच," म्हणाला. मी वाचले. दुसऱ्याच्या मध्यावर त्याने हातातली सांडशी खाली ठेवली. वाचून झाल्यावर त्याने निखारे राखेखाली ढकलले. मग म्हणाला, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचला. त्याने दोन्ही कागद घेतले, कातडी एप्रनच्या आत घातले आणि मला जा म्हणाला.

खटला नोव्हेंबरात उभा राहिला. मीच गिडियनचं नाव पुकारलं. त्याने साहेबांच्या सहीचा पहिला कागद पुढे केला. समोरचा वकील हसला. म्हणाला, "हा हद्दपार केलेला देशद्रोही. राजाचा हस्तक. अशा माणसाच्या शब्दावर तुम्ही जमीन मागता? तुम्हाला तरी त्याचा भरवसा आहे का?"

कोर्ट भरलेलं होतं. हॉइट पहिल्या बाकावर होता.

गिडियन म्हणाला, "त्याने माझं फार मोठं नुकसान केलंय. ते मला दुसऱ्या कोणी नाही सांगितलं, त्यानेच सांगितलं. न सांगता त्याचं भागलं असतं. त्यामुळे जमिनीबद्दल तो खोटं बोलेल असं मला वाटत नाही." मग बाकांकडे वळून म्हणाला, "आणि लढाईत दोन वर्षं आम्ही सगळे आमची भांडणं घेऊन त्याच्याकडेच जात होतो. इथे बसलेत त्यातले बरेच जण. मीही त्या सभेत बोललो नव्हतो. आता बोलतो."

नव्या न्यायाधीशाने बाकांवरून नजर फिरवली आणि विचारलं, याला दुजोरा देणारा कोणी आहे का? तेव्हा मात्र लिडिया उठली. नवरा तिची बाही ओढत होता, तरी उठली आणि हो म्हणाली. मग हॉइट उठला. त्याची मान लाल झाली होती. तो म्हणाला, "मीही गेलो होतो." त्याच्या मागे आणखी चार-पाच जण उठले.

मी दारापाशी माझ्या जागेवर होतो. पुकारा करणाऱ्याने कोर्टाच्या कामात बोलायचं नसतं, असा नियम आहे. मी नियम पाळला.

कुरण नातवाचं झालं. मी साहेबांना पत्र लिहिलं. कोण कोण उठलं, कोण काय म्हणालं, सगळं कळवलं. वसंतात मर्सीबाईंचं उत्तर आलं. पत्र पोचलं तेव्हा साहेब अंथरुणाला खिळले होते आणि त्यांनी ते दोनदा वाचून घेतलं. गिडियन काय म्हणाला ते तिसऱ्यांदाही. मार्चमध्ये ते गेले. पत्राच्या शेवटी बाईंनी लिहिलं होतं, "उठलेल्यांच्या नावांत तुमचं नाव दिसलं नाही. ते तुम्ही विनयाने लिहिलं नसेल, असं हे म्हणाले."

मी त्यांना उत्तर पाठवलं नाही. काय लिहिणार होतो?